आडनावाचं मूळ शोधायचंय? रेकॉर्ड रूम, तीर्थावरच्या वह्या की हेळवी

2023 ला कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती बसली, तहसीलची जुनी गाठोडी सुटली, मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला, आणि त्या गडबडीत ज्यांचा दाखल्याशी काही संबंध नाही असे लोकही विचारायला लागले की आपलं आडनाव आलं तरी कुठून. हे अशांसाठी. तुम्हाला जातीचा दाखला नाहीतर पडताळणी करायची असेल तर इथं वेळ घालवू नका, सरळ सरकारी कागदाच्या मागं लागा, तिथं दुसरं काही चालत नाही.

आपल्या सोलापूर भागात खरे रस्ते तीनच. तहसीलची रेकॉर्ड रूम, तीर्थावरच्या उपाध्यांच्या वह्या, ज्यात येणाऱ्या घराण्यांच्या नोंदी असतात, आणि दारात येऊन घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवणारा हेळवी. डब्यात थुंकी घालून पाठवायची ती डीएनए टेस्ट चौथी म्हणेल कोणी, पण तिच्यातून बापाच्या बाजूचा हॅप्लोग्रुप, म्हणजे फार जुन्या वंशाची शाखा, वगैरे कळतो, म्हणजे गोष्ट हजारो वर्षांमागची, आणि आपल्यातल्या कित्येक घरांचं आडनाव पक्कं झालंय ते इंग्रज अमदानीत शाळेत, पलटणीत नाहीतर गिरणीत नाव घालताना. त्यामुळं ह्या कामाला तिचा उपयोग नाही.

आधी रेकॉर्ड रूम. तिचा जोर तारखेत आहे. गाव नमुना 14, म्हणजे आपण ज्याला कोतवाल बुक म्हणतो, त्यात जन्म-मृत्यू तारखेवार, जातीसकट. आणि माझ्या मते त्याहून भारी म्हणजे वारसाचे जुने फेरफार, म्हणजे जमीन वारसांच्या नावावर चढवल्याच्या नोंदी, कारण कोण मयत, मागं मुलं किती, विधवा कोण हे एकाच नोंदीत मिळतं, कधीकधी लेकींची नावंसुद्धा, जी बाकी कुठं सहसा सापडत नाहीत. घर वतनदार असेल, पाटीलकी कुलकर्णीपण असेल, तर चांदीच आहे, वतनाच्या भांडणात दोन्ही बाजू आपापली वंशावळ जोडायच्याच, आणि असे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारापर्यंत गेलेले असतात.

पण. मला जे शेवटपर्यंत छळलं ते हे की ह्या जुन्या कागदांत आडनावच नसतं ओ! आपण निघालोय आडनाव शोधायला आणि कागद म्हणतो "रामा बिन सटवा", म्हणजे सटवाचा मुलगा रामा, पुढं जात, पुढं गाव, संपलं. आता एका गावात, एकाच जातीत रामा किती असतील आणि त्यांचे बाप सटवा किती असतील, तुम्हीच सांगा. आमच्या पणजोबांच्या वडलांचं नाव तुकाराम, आणि पंढरपूरच्या एवढ्या जवळ ज्या गावात माळकरी घरं जास्त तिथं तुकाराम हे नाव शोधणं म्हणजे आषाढीत पांढरी टोपीवाला शोधण्यासारखं आहे. मोडी वाचक आणला, पानावर पैसे घेणारा, माणूस चांगला, हात बसलेला, दोन शब्दांत मोकळी जागा नसलेली ती लांबच लांब ओळ सरळ वाचत जायचा आणि प्रत्येक नोंदीला तेच, "आडनाव लिहिलेलंच नाही". एका ऑफिसात तर नक्कल मागितली तेव्हा खिडकीतून उलटा प्रश्न आला की साहेब आडनाव सांगा म्हणजे शोधतो. आता काय बोलणार.

त्यात आमच्यासारख्यांची दुसरी भानगड म्हणजे मोगलाई. घरात सगळे म्हणायचे आपण मोगलाईतून आलो, म्हणजे तुळजापूर, परंडा ह्या बाजूनं. हा पट्टा 1948 पर्यंत निजामाचा आणि सोलापूर इंग्रजांचं, म्हणजे घर सीमा ओलांडून आलं की इकडचा कागद तिथंच तुटतो. पलीकडं जावं तर 1884 पासून दरबारी भाषा उर्दू, त्याआधी फारसी, गावपातळीला मोडी, आणि लोक ज्याचं नाव घेतात ते खासरा पत्रक, म्हणजे मराठवाड्यातली जमिनीची नोंद, 1954-55 चं, तोवर आमचे लोक सोलापुरात कधीचेच स्थायिक होऊन गिरणीत लागले होते. 1876 चा दुष्काळ आणि सोलापुरातली जुनी मिल, म्हणजे कापडगिरणी, एकाच सुमाराची आहे, त्यामुळं असा तुटलेला धागा सोलापुरात कितीतरी घरांत निघेल असं मला वाटतं.

तीर्थावरच्या वहीला ही सरहद्द माहीतच नाही. नाशिक, त्र्यंबक, आपलं पंढरपूर, तिथले उपाध्ये पहिला प्रश्न विचारतात गाव कुठलं, दुसरा आडनाव काय, कारण वही लावलीच आहे त्या हिशोबानं, अमुक गावाचे अमुक लोक अमुक उपाध्यांचे. नोंदीत मूळ गाव, हल्ली वस्ती, कोण आलं, कशाला आलं, अस्थी का श्राद्ध का नुसती यात्रा, बाप, आजा, भाऊ, मुलं, आणि खाली सही. आम्हाला सध्याच्या आडनावावर चार पिढ्या मिळाल्या आणि त्याच्या वर उपाध्यांनी स्वतःच दुसरी वही काढली, कारण जुन्या नोंदीत मूळ गाव दिलेलं होतं. तिथं आमचेच लोक, पण आडनाव वेगळं! गाव सोडून आल्यावर लोकांनी गावाच्या नावाला "कर" लावून हाक मारायला सुरुवात केली असणार आणि तेच पुढं चिकटलं, आधीचं मागं राहिलं. हे रेकॉर्ड रूममध्ये जन्मात कळलं नसतं.

वहीच्या खोडी आहेत, नाही असं नाही. तारीख म्हणाल तर कधी शक, कधी नुसतीच तिथी. बायकांची नावं कमी. फोटो काढू देतील का ते उपाध्यांच्या मर्जीवर, दक्षिणेला रेट नाही, आपण आधी विचारलेलं बरं. आणि एक गोष्ट स्पष्ट बोलायला पाहिजे, ज्या समाजांना तीर्थावर जवळच करत नव्हते त्यांची नोंद तिथं कशी असणार? महार वतनाची घरं असतील तर त्यांचा भक्कम पुरावा वतनाच्या कागदातच. कनिष्ठ गाव वतनं रद्द करणारा कायदा 1958 चा, तेव्हाच्या प्रकरणांत नावं मिळू शकतात. तिथं माझी आवड बाजूला ठेवून मी रेकॉर्ड रूमच सांगेन.

हेळवी हा प्रकार पुण्यामुंबईकडच्यांना माहीतच नसतो. अक्कलकोट, मंगळवेढा, दक्षिण सोलापूर ह्या कन्नडकडच्या पट्ट्यात, लिंगायत घरांत जास्त करून, हेळवी येतो, पूर्वी बैलावर यायचा, वाड्यासमोर उभा राहून घराण्याच्या पिढ्या म्हणतो, मूळ गाव सांगतो, कुठल्या भावाची शाखा कुठं गेली ते सांगतो, नवीन जन्मलेल्यांची नावं वहीत घालतो आणि धान्य, कपडा, पैसे घेऊन जातो. गावं वाटून घेतलेली असतात. ऐकायला ह्याच्यासारखं दुसरं काही नाही, पण तो त्याच्या सवडीनं येणार, बोलावून येत नाही, आणि शहरात फ्लॅटमध्ये राहायला गेलात तर तुमची सोसायटी त्याला सापडत नाही. गावाकडं कोणी भावकी असेल तर त्यांना सांगून ठेवा की आला की फोन करा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा.

पद्मशाली, म्हणजे सोलापुरातल्या तेलुगू विणकर समाजातल्या मित्रांसाठी मात्र वरच्या तिन्हीपेक्षा तेलंगणातलं मूळ गाव गाठणं बरं. तेलुगू घराचं नाव माणसाच्या नावाच्या आधी लागतं, इथं शाळेत घालताना ते उचलून मागं टाकलंय. जुनी लग्नपत्रिका असेल तर गोत्र आणि घराचं नाव त्यातच मिळून जाईल.

तर माझं म्हणाल तर आधी वही, मग वहीतून मूळ गाव आणि आजोबा-पणजोबांची नावं कळली की ती घेऊन रेकॉर्ड रूम, म्हणजे "रामा बिन सटवा" मधला आपला रामा कुठला ते तरी ओळखता येतं. उलट्या क्रमानं ज्यांनी केलं त्यांनाही जमलं असेल, माझं काही शास्त्र नाही. फक्त आडनाव सारखं दिसलं म्हणून भावकी धरू नका, पवार, जाधव, पाटील कुठल्याही जातीत निघतात, त्यापेक्षा कुलदैवत आणि देवक जुळतंय का बघा. तुळजाभवानी कुलदेवी असेल तर तुळजापुरातला घरचा पुजारी कोण ते म्हाताऱ्यांना विचारून ठेवा, पुष्कळदा गावाचा पत्ता तिथूनच लागतो. आणि पंढरपूरला आषाढी-कार्तिकीत, त्र्यंबकला श्रावणात किंवा पितृपक्षात जाऊ नका, उपाध्यांना वही उघडायला तर सोडा, बसा म्हणायलाही वेळ नसतो.