लंडनच्या जॉर्जियन टेरेसमधलं घर: सगळे ऋतू काढल्यानंतर

इस्लिंग्टन, ब्लूम्सबरी या भागांत सामाईक भिंतींनी जोडलेल्या जुन्या विटांच्या घरांच्या लांबच लांब ओळी आहेत. अशा ओळीला तिथे टेरेस म्हणतात; जॉर्जियन म्हणजे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या जॉर्ज राजांच्या काळातली. हा अनुभव त्यांतल्या एका नेहमीच्या घराचा: तळघर, त्यावर चार मजले, प्रत्येक मजल्यावर पुढे एक आणि मागे एक खोली, कडेने जिना. आमचं मत आधीच सांगतो. घर राहायला फार चांगलं आहे, पण ते चुन्याचं आणि लाकडाचं आहे. त्याला सिमेंटच्या घरासारखं वागवलं, की ते आतून कुजायला लागतं.

1774 च्या कायद्याने लंडनमधली घरं किंमत आणि जोत्याच्या क्षेत्रफळावरून चार दर्जांत विभागली. 900 चौरस फुटांच्या वरचं घर पहिल्या दर्जाचं, 350 च्या आतलं चौथ्या. भिंतींची जाडी या दर्जावर ठरत असे. आगीच्या भीतीपोटी खिडकीची लाकडी पेटी विटांच्या मागे दडवायची, हा नियमही त्यातलाच. म्हणून बाहेरून चौकट जेमतेम दिसते आणि दर्शनी भाग इतका नेटका वाटतो.

वरखाली सरकणाऱ्या या खिडक्या म्हणजे घरातली सर्वांत हुशार वस्तू. दोन्ही झडपा दोऱ्यांना टांगलेल्या असतात. दोऱ्या पुलीवरून पेटीत उतरतात आणि तिथे लोखंडी वजनं लटकतात. वरच्या झडपेची वजनं झडपेपेक्षा किंचित जड हवीत, खालचीची किंचित हलकी. तरच वरची झडप वर टिकते आणि खालची नीट मिटून बसते. जाड काच बसवली आणि वजनं तीच ठेवली, तर खिडकी घसरते. दोरी तुटली तर आतली पट्टी काढून खालची झडप बाहेर घ्यायची, मग मधली पट्टी आणि वरची झडप. पेटीच्या बाजूला लाकडाची छोटी झाकणी असते, ती उघडली की वजन हाताशी येतं. एक दोरी तुटली तरी चारही बदलाव्यात, कारण बाकीच्यांचंही वय तेवढंच असतं. खिडकी अडकण्याचं कारण बहुतेक वेळा रंगाचे थर असतात. जोर लावू नका. पातळ सुरीने सांध्यावरचा रंग कापा.

हिवाळ्यात फटींतून वारा येतो, हे खरं. संरक्षित, म्हणजे ऐतिहासिक म्हणून सरकारी यादीत नोंदलेल्या घरात जुन्या काचा काढून दुहेरी काच लावायला परवानगी सहसा मिळत नाही, पण आतून दुसरी काचेची चौकट बसवता येते. खिडकीच्या कडेला घडी करून ठेवलेली लाकडी दारं रात्री मिटली तरी फरक जाणवतो. अनेक घरांत ती रंगाखाली बुजलेली असतात, आधी शोधून पाहा.

खरा धोका छपरात आहे. रस्त्यावरून फक्त सरळ कठडा दिसतो. त्यामागे दोन उतार मधोमध एका पन्हळीत मिळतात आणि पाणी मागच्या बाजूला जातं. पन्हळ शिशाच्या पत्र्याची. पत्र्याचे तुकडे फार लांब ठेवले, की ऊन-थंडीने प्रसरण-आकुंचन होऊन ते चिरतात; साधारण दीड मीटरवर पत्र्याला पायरीसारखा टप्पा हवा. मागचं तोंड पानांनी तुंबलं, तर पाणी थेट वरच्या मजल्याच्या छतात. पानगळ संपल्यावर एकदा आणि वसंताच्या सुरुवातीला एकदा ती साफ करणं टाळू नये.

दर्शनी भिंत दिसते तितकी भक्कम नसते. बाहेर चांगल्या विटांचा एक थर, आत स्वस्त विटा. दोन्हींना बांधणाऱ्या आडव्या विटा पुष्कळदा अर्ध्याच तोडून लावलेल्या, त्यामुळे बाहेरचा थर सुटून फुगतो. भिंतीत गाडलेली लाकडं ओलीने कुजली, की फुगवटा आणखी वाढतो. विटांमधल्या दरजा सिमेंटने भरल्यास ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, ती विटेतून निघते आणि गोठली की विटेचे पापुद्रे उडतात. दरजा चुन्यानेच भरा. आत प्लास्टिक रंग नको. बंद धुराडं पूर्ण बुजवू नका. वर हवेशीर टोपी आणि खाली जाळी ठेवा.

मराठी स्वयंपाकघराची खास अडचण वाफेची. रोजचा भात, कुकर, फोडण्या आणि आत वाळत घातलेले कपडे, हे सगळं पाणी थंड भिंतीवर जाऊन बसतं आणि कोपऱ्यात बुरशी धरते. पंखा बाहेर हवा टाकणाराच हवा, पण संरक्षित घर असेल तर भिंतीला भोक पाडण्यापूर्वी परवानगी घ्यावी. अशा घरात विनापरवाना बदल करणं फौजदारी गुन्हा आहे आणि आधीच्या मालकाने केलेला बदल उलटवायची पाळी नव्या मालकावर येऊ शकते. विकत घेताना जुन्या परवानग्यांचे कागद मागाच.

खोल्यांमधली लाकडी आडभिंत पाडून मोठा हॉल करायचा मोह होतो. ती भिंत अनेकदा वरच्या मजल्याचा भार पेलत असते. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. जिना मात्र उभा आणि अरुंद. गुडघेदुखी असलेल्या आईवडिलांसाठी हे घर घेऊ नये.