आर्या, सीझन १ : खुनी राहू दे बाजूला, आधी घर कशावर चालतं ते बघा

ज्यांची बघायची राहिलीये त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकते. पहिला सीझन नक्की बघा, दुसरा हाताशी वेळ असेल तर, आणि तिसरा इला अरुण आवडत असेल तर. २०२० च्या जूनमध्ये ऐन लॉकडाऊनमध्ये ही वेबसिरीज हॉटस्टारवर आली तेव्हा जिकडेतिकडे एकच विषय होता, सुश्मिता सेन परत आली, कसली दिसते, रिंगांना लटकून काय व्यायाम करते वगैरे, आणि त्या गडबडीत सिरीज नक्की कशाबद्दल आहे हे बोलायचं राहूनच गेलं असं मला वाटतं. म्हणून उशिरा का होईना लिहितेय. खुनी कोण ते सांगणार नाहीये, बिनधास्त वाचा.

गोष्ट जयपूरची. आर्या, नवरा तेज (चंद्रचूड सिंग, किती वर्षांनी दिसला!), तीन मुलं, मोठ्ठं घर, औषधांची कंपनी. कंपनीत तेजच्या जोडीला आर्याचा भाऊ संग्राम आणि दोस्त जवाहर. कंपनी खरी आहे, पण तिच्या आडून चालतो अफूचा धंदा, आणि तो काही तेजने सुरू केलेला नाही, तो आर्याच्या माहेरचा, तिच्या वडिलांचा, झोरावरचा. तेजला यातून बाहेर पडायचंय. तेवढ्यात शेखावत नावाच्या माणसाचा कोट्यवधींचा माल गायब होतो, संग्राम पकडला जातो, आणि घराच्या दारातच धाकट्या आदीच्या डोळ्यांदेखत तेजवर गोळ्या झाडल्या जातात. इथून पुढे एका बाजूने नार्कोटिक्सवाले, दुसऱ्या बाजूने शेखावत, आणि मधे ही बाई, पदरात तीन मुलं आणि नवऱ्याने मागे ठेवलेलं सगळं लफडं.

आता हे वाचून वाटेल की खून कोणी केला याची सिरीज आहे. आहे, ते धागेदोरे शेवटच्या भागापर्यंत नीट ताणून धरलेत, संशय एकाकडून दुसऱ्याकडे व्यवस्थित सरकत राहतो. पण मला विचाराल तर खून हे निमित्त आहे. खरा प्रश्न असा की या घरात पैसा कुठून येतो हे इतकी वर्षं कोणी का विचारलं नाही. आर्याला अगदीच काही माहीत नव्हतं असं नाही हो, ती त्याच घरात वाढलीये, फक्त किती खोल आहे ते तिने विचारलेलं नव्हतं, आणि न विचारण्यातच सगळ्यांची सोय होती. मी सीएच्या ऑफिसात काम करते, हा प्रकार आम्ही रोज बघतो. बायको डायरेक्टर असते, सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारलेली असते, ती फुलीवर सही करते आणि चहा घेऊन जाते. कशावर सही केली विचारलं तर ‘ह्यांना माहीत’.

आणि कायदा या ‘ह्यांना माहीत’ला फार विचारत नाही. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा, १९८५ चा. त्यातलं ३५ वं कलम म्हणतं की आरोपीचा हेतू होता, त्याला माहीत होतं, असं कोर्टाने धरूनच चालायचं, माहीत नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीची. वर १९८९ साली प्रकरण ५-अ घातलं, त्यात या धंद्यातून आलेली मालमत्ता जप्त करता येते आणि ती फक्त त्या माणसाच्या नावावरची नाही, नातेवाइकांच्या नावावर फिरवलेलीही. म्हणजे सिरीजमध्ये एसीपी खान (विकास कुमार) आर्याच्या मागे हात धुऊन लागतो तेव्हा त्याला ती विधवा म्हणून दिसत नाही, एक नाव म्हणून दिसते, आणि हे लेखकांना कळलंय. खान फिल्मी पोलीस नाहीये ही मोठीच गोष्ट. तो चिडका आहे, हट्टी आहे, त्याला घरी जोडीदार आहे आणि तोही पुरुष आहे, आणि याचा कुठेही गाजावाजा केलेला नाही, हे मला फार आवडलं.

अफूबद्दल थोडं, कारण सिरीजने ते जेमतेम दाखवलंय आणि ते माहीत असलं की गंमत वाढते. आपल्याकडे अफूची शेती बेकायदेशीर नाही, परवान्याची आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागात, म्हणजे नीमच-मंदसौर, चित्तोडगड-प्रतापगड वगैरे, केंद्राचं नार्कोटिक्स खातं शेतकऱ्याला मोजून मापून तुकडा लावायची परवानगी देतं. बोंडं भरली की दुपारनंतर त्यांना बारीक उभे चिरे द्यायचे, रात्रभर चीक पाझरतो, सकाळी तो खरवडून घ्यायचा, आणि सगळाच्या सगळा सरकारला घालायचा, सरकार सांगेल त्या भावात. नीमचला आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, तिथून औषधांसाठी मॉर्फिन, कोडीन निघतं. उतारा ठरलेल्या मापापेक्षा कमी पडला तर परवाना जायची भीती, आणि जास्त निघाला तर? तो जास्तीचा चीक बाहेर किती पट भावाने जातो हे त्या पट्ट्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आपण अनारशांना लावतो ती खसखस त्याच बोंडातली, बरं का, फक्त बोंड पूर्ण वाळल्यावरची. तर अशा ठिकाणी औषधाची कंपनी ही किती चपखल आड आहे बघा, एकाच पिकाची एक वाट सरकारी गोदामात आणि दुसरी शेखावतसारख्यांच्या ट्रकमध्ये. हे सगळं सिरीजमध्ये असायला हवं होतं. एखादं शेत, एखादा मुखिया, पहाटे चीक खरवडणाऱ्या बायका, पाच मिनिटं तरी. त्याऐवजी आपल्याला बंगल्यातले सोफे दिसतात.

झोरावरचं काम जयंत कृपलानीने केलंय आणि या माणसाबद्दल लिहावं तेवढं थोडं. जुन्या घराण्याचा रुबाब, गोड बोलणं, नातवंडांवर माया, आणि आपण काही गुन्हा केला असं त्याच्या मनाला शिवतही नाही. त्याच्या लेखी अफू हा पिढीजात व्यवहार, तस्करी करतात ते दुसरे. हसताना डोळे हसत नाहीत त्याचे, लक्ष ठेवून बघा.

हे बघताना मला सारखी आपली मुंबई आठवत होती. राजस्थानातल्या घराण्याकडे बोट दाखवायला आपल्याला सोपं जातं, पण एकोणिसाव्या शतकात मुंबईत जो पैसा उभा राहिला त्यातला केवढा तरी मालव्याच्या अफूचा होता, म्हणजे शिंदे-होळकरांच्या मुलखातल्या. कंपनी सरकारला हा माल स्वतःच्या मुठीत हवा होता, तर व्यापारी तो कंपनीचा मुलूख चुकवून आडवाटेने पोर्तुगीजांच्या दमणला न्यायचे आणि तिथून चीनला. शेवटी १८३० च्या सुमारास कंपनीनेच नाद सोडला आणि पास विकून मुंबईतून माल जाऊ द्यायला लागली, म्हणजे कालपर्यंतची तस्करी आज पावती फाडून व्यापार झाली. सर जमशेटजी जीजीभॉय चीनच्या अफू-व्यापारातले बडे असामी, १८४२ साली सर झाले, १८४५ साली त्यांच्या नावाचं जे.जे. हॉस्पिटल सुरू झालं. त्यांच्या दानतीबद्दल वादच नाही, आजही लाखो गरिबांना तिथे उपचार मिळतात. पण झोरावरच्या हॉलमधल्या फोटोंकडे बघताना हे डोक्यात येतंच. आणि कोकणातल्यांना तर वेगळं सांगायला नको, सोन्यावर कंट्रोल होता (१९६८ चा कायदा, रद्द झाला १९९० ला) त्या काळात कुठल्या खाडीत चोरट्या सोन्याचं ‘लँडिंग’ व्हायचं, कोणाच्या कौलारू घरावर अचानक स्लॅब पडला, हे गावात सगळ्यांना पाठ असतं, लग्नाच्या पंगतीत मात्र कोणी काढत नाही. आर्यामध्ये तो न काढलेला विषय एका खुनामुळे पंगतीत येऊन बसतो, एवढंच.

सुश्मिताबद्दल. ती थोर अभिनेत्री आहे असं मी आधी कधी म्हटलं नसतं. इथे तिच्या वयाचा आणि अंगच्या अधिकाराचा असा वापर केलाय की दुसरी कोणी डोळ्यांसमोर येत नाही. नवरा गेल्यावर ती धाय मोकलून रडत बसत नाही, कारण तिला वेळच नाहीये. मुलांसमोर आवाज एक, फोनवर शेखावतशी बोलताना दुसरा, आणि दोन्हींच्या मधे दार लावून घेतल्यावरचे जे काही सेकंद आहेत ना, तिथे तिचा चेहरा अक्षरशः रिकामा होतो, काही करत नाही ती, नुसती श्वास घेते. दिग्दर्शक राम माधवानी (नीरजावाला) म्हणे कलाकारांना जागा आखून देत नाही, सीन सलग खेळू देतो आणि कॅमेरे भोवती फिरतात. त्यामुळे असेल, पण घरातले प्रसंग, सगळे एकदम बोलतायत, कोणी तरी पाणी ओततंय, पोरं मधेच येतायत, हे फार खरं झालंय. नमित दासचा जवाहर बघाच, नाकात पावडर ओढणारा, भेदरट, प्रेमळ आणि पूर्णपणे बिनभरवशाचा, तो पडद्यावर आला की आता हा काय घाण करणार म्हणून पोटात गोळा येतो. सिकंदर खेरचा दौलत, झोरावरचा विश्वासू माणूस, उलट, दिवसभरात चार वाक्यं बोलत असेल, भिंतीला टेकून उभा राहतो आणि सगळा सीन त्याच्याकडे झुकतो.

आता कुरकुर. जयपूर आहे पण राजस्थान नाही. हे लोक आपापसात इतकं इंग्रजी झाडतात की बांद्र्याच्या एखाद्या सोसायटीत चाललंय असं वाटावं, मारवाडी-ढुंढाडीचा वास पण नाही, नोकरमाणसंसुद्धा साफ हिंदी बोलतात. मोठ्या मुलाच्या कॉलेजवयीन भानगडी आणि मुलीचं रुसणं यात मधले दोनेक भाग पाणी घातल्यासारखे झालेत, तिथे फोन हातात घेतलात तरी फार काही हुकणार नाही. पोलीस सोयीने हुशार आणि सोयीने आंधळे होतात. शिवाय घरातून बाहेर न पडलेली बाई इतक्या झटपट सौदे करायला शिकते हे मला पटलं नाही, मग आठवलं की झोरावरची मुलगी आहे, जेवणाच्या टेबलावर कानावर पडतच असणार. तरी ते शिकणं दाखवायला हवं होतं.

नऊ भाग आहेत, साधारण पाऊण-एक तासाचे. शिव्या आहेत, रक्त आहे, पावडर आहे, तेव्हा शाळकरी पोरांना झोपवून बघा. २०२१ ला आंतरराष्ट्रीय एमीला उत्कृष्ट ड्रामाचं नामांकन होतं, मिळालं इस्रायलच्या तेहरानला, आणि दोन्ही बघितल्यावर मला त्यात अन्याय वाटला नाही. दुसऱ्या सीझनमध्ये सगळे एकमेकांवर बंदुका रोखून उभे असतात आणि मुलं सतत पळवली जातात किंवा पळून जातात, रहस्य असं उरत नाही. तिसऱ्यात आर्या स्वतःच गादीवर बसलेली, तिथे इला अरुण आली की पुन्हा जरा जीव येतो.

मूळ सिरीज डच आहे, पेनोझा, २०१० ची, ॲमस्टरडॅममधली कारमेन नावाची विधवा, काम केलंय मोनिक हेंड्रिक्सने. अमेरिकनांनीही त्यावरून रेड विडो काढली होती २०१३ ला, ती एका सीझनमध्येच बंद पडली. पेनोझा सबटायटलसकट इथे कुठे बघायला मिळत असेल तर कळवा, तिकडच्या माहेराने काय काय लपवलं होतं ते मला बघायचंय.