युरेल ग्लोबल पास आणि नॉइश्वानस्टाइन किल्ला: पाच महिन्यांच्या वापरानंतर

युरेल ग्लोबल पास म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या गाड्यांवर चालणारा एकच रेल्वे पास. वापरलेला पास द्वितीय श्रेणीचा, प्रौढ दराचा, दोन महिन्यांत प्रवासाचे कोणतेही १० दिवस देणारा. मार्ग पॅरिस, म्युनिक, साल्झबर्ग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, प्राग, बर्लिन, ॲमस्टरडॅम. मधे जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातला नॉइश्वानस्टाइन किल्ला. तीन महिने आखणी, दोन महिने प्रवास. पास चांगला आहे, पण फायदा होणार की तोटा हे तो कुठे वापरता आणि कुठे मुद्दाम वापरत नाही यावर ठरते. आणि आखणी पासपासून नव्हे, किल्ल्याच्या ठरलेल्या वेळेच्या तिकिटापासून सुरू करा. बाकी सगळे पुढेमागे सरकते, ती एक वेळ सरकत नाही.

आधी पात्रता. युरेल हा युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी आहे. इथे पासपोर्ट नाही, राहण्याचे ठिकाण बघतात. पुण्याहून जाणाऱ्याने युरेल घ्यायचा, आणि भारतीय पासपोर्ट असूनही फ्रँकफुर्टला नोकरी करणाऱ्या त्याच्या बहिणीने इंटररेल, म्हणजे युरोपात राहणाऱ्यांचा तसाच पास. दोघे एकत्र फिरणार असतील तर लक्षात ठेवा की इंटररेलवर राहत्या देशात बाहेर पडण्याचा एक आणि परतीचा एक असे दोनच प्रवास धरता येतात.

हिशोब सोपा आहे. १० दिवसांच्या पासची किंमत ४५० युरोंच्या आसपास, म्हणजे दिवसाला साधारण ४५ युरो. ज्या दिवसाचे साधे तिकीट याहून स्वस्त, त्या दिवशी पासला हात लावू नका. म्युनिक ते फ्युसेन (किल्ल्याजवळचे रेल्वे स्थानक) आणि म्युनिक ते साल्झबर्ग हे दोन्ही प्रवास बायर्न-तिकिटावर होतात. हे दिवसभराचे प्रादेशिक तिकीट आहे, पाच जणांपर्यंत एकत्र निघते आणि माणसे वाढली की दरडोई खर्च खूप कमी होतो. अट दोन गोष्टींची: फक्त प्रादेशिक गाड्या, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतरच. ते साल्झबर्ग स्थानकापर्यंत चालते, सीमेला संपत नाही. असे दोन दिवस वाचवले की वरच्या मार्गाला पासचे सहाच दिवस लागतात. परतीचे विमान ॲमस्टरडॅमहून घेऊन सगळे एका महिन्यात बसवले, तर सात दिवसांचा पास पुरतो आणि एक दिवस हाताशी उरतो. तो ऑस्ट्रियातल्या तळ्याकाठच्या हालश्टाट गावाला द्या: साल्झबर्गहून निघून आटनांग-पुखहाइमला गाडी बदलायची. स्थानक तळ्याच्या अलीकडे आहे, पलीकडे नेणाऱ्या बोटीचे तिकीट वेगळे.

आता किल्ला. वेळ ठरलेली, मार्गदर्शकासोबतची, अर्ध्या तासाची फेरी असते. तिकिटावरची वेळ ही किल्ल्याच्या दारावरची, खालच्या गावातली नव्हे, आणि चूक नेमकी इथेच होते. म्युनिक ते फ्युसेन दोन तास. काही गाड्या थेट जातात, काहींना बुखलोला बदलावे लागते. फ्युसेन स्थानकाबाहेरून ७३ किंवा ७८ क्रमांकाची बस किल्ल्याखालच्या होहेनश्वांगाऊ गावात दहा मिनिटांत सोडते, त्यावर बायर्न-तिकीट चालते. तिथून चढ ३० ते ४० मिनिटांचा. साडेनवाच्या सुमाराची गाडी धरली तर दुपारी दीडच्या आधीची वेळ घेऊ नका. एक गाडी चुकली तरी चालावे म्हणून अडीचची वेळ अधिक शहाणपणाची.

वर जायला शटल बस आणि घोडागाडीही आहे. शटल मारिएनब्र्युकं पुलाजवळ सोडते, तिथून दारापर्यंत उतार आहे. गुडघे दुखणाऱ्यांना हा उतार जड जाऊ शकतो. मात्र बर्फ पडला की शटल बंद, आणि पूलही बंद असू शकतो. आत १६५ पायऱ्या चढायच्या आणि १८१ उतरायच्या. मोठी पाठपिशवी आणि बाबागाडी आत नेता येत नाही, फोटो काढायला बंदी आहे. त्यामुळे सामान म्युनिकच्या मुक्कामावरच ठेवून या. १८ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत, पण त्यांचेही वेळेचे तिकीट आरक्षित करावे लागते. मुलांचे राहून गेले की अख्खे कुटुंब अडकते.

राजगड-रायगड बघितलेल्यांनी इथे लढाऊ किल्ला शोधू नये. राजा लुडविग दुसरा याने १८६९ मध्ये स्वतःसाठी बांधायला घेतलेला हा महाल आहे. १८८६ मध्ये तो वारला आणि काही आठवड्यांतच महाल लोकांना खुला झाला. बऱ्याच खोल्या अपुऱ्याच राहिल्या. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या ज्या बैठकीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्याच बैठकीत लुडविगच्या महालांनाही मिळाला. दोन्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला तटबंदी आणि देखावा यांतला फरक चांगला कळतो.

पासकडे परत येऊ. जर्मनी, ऑस्ट्रिया, चेक प्रजासत्ताक, नेदरलँड्स या देशांत बहुतेक दिवसाच्या गाड्यांना आरक्षण सक्तीचे नाही. पासची खरी मजा इथेच: व्हिएन्ना ते प्राग चार तासांची गाडी चुकली तर पुढच्या गाडीत बसा. शुक्रवारी दुपारी आणि रविवारी संध्याकाळी मात्र थोडे पैसे देऊन जागा धरा, नाहीतर दाराशी उभे राहावे लागेल. फ्रान्सचे गणित उलटे. पॅरिस-म्युनिकसारख्या सीमेपार वेगवान गाडीत आरक्षण सक्तीचे आणि पासधारकांसाठी जागांचा कोटा. कोटा संपला की हातात पास असूनही ती गाडी तुमची नाही. किल्ल्याच्या पाठोपाठ दुसरे काम हेच करा. युरोस्टारलाही हाच नियम. रात्रीच्या गाड्यांना आरक्षण लागतेच, पण मध्यरात्रीनंतर गाडी बदलायची नसेल तर फक्त निघण्याचा दिवस मोजला जातो.

पास फोनवर युरेलच्या ॲपमध्ये असतो, आणि त्यातला क्रम चुकला तर पास असून विनातिकीट ठरता. पास ॲपमध्ये जोडा, पहिली तारीख निवडून सक्रिय करा, गाडी ट्रिपमध्ये घाला, मग ती गाडी पासला जोडा. हे शेवटचे केल्याशिवाय तपासनिसाला दाखवायचा क्यूआर कोड तयार होत नाही. सगळे गाडीत चढण्याआधी. यादीत गाडी सापडली नाही तर ती हाताने भरता येते. तीन दिवसांतून एकदा तरी फोन इंटरनेटला जोडावाच लागतो. पासवरचा पासपोर्ट क्रमांक हातातल्या पासपोर्टशी जुळला पाहिजे. पासपोर्ट नवा झाला असेल तर सक्रिय करण्याआधी बदल करा. एका प्रौढासोबत ४ ते ११ वर्षांची दोन मुले मोफत, पण त्यांचाही पास काढावाच लागतो आणि तो पालकांच्या फोनमध्ये ठेवता येतो.

व्हिसा हातात येईपर्यंत पास सक्रिय करू नका. खरेदीनंतर ११ महिन्यांत कधीही करता येतो, आणि न वापरलेला साधा पास १५ टक्के कापून परत होतो. सवलतीतल्या पासच्या अटी मात्र नीट वाचा. शेंगेन व्हिसाचा अर्ज जिथे सर्वाधिक रात्री राहणार त्या देशाकडे, म्हणून मुक्काम आधी मोजा.

जर्मनीतल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांची वक्तशीरता २०२४ साली ६२.५ टक्के होती. म्हणून तिथे दोन गाड्यांमध्ये किमान ३० मिनिटे ठेवा. ताज्या उशिरासाठी जर्मन रेल्वेचे स्वतःचे ॲप सोबत असू द्या. निघण्याच्या आठवडाभर आधी फ्युसेनच्या मार्गावर रुळांचे काम नाही ना, हेही तिथेच बघा. काम असेल तर त्या टप्प्यावर गाडीऐवजी बस धावते, ती फलाटावरून नाही तर स्थानकाबाहेरून सुटते, आणि तासभर जास्त धरावा लागतो.