ट्राउटसाठी ड्राय फ्लाय की निम्फ?

ट्राउट या माशाला साधारण 20 अंश सेल्सिअसखालचे थंड, वाहते पाणी लागते आणि ते पुण्याच्या धरणांत मिळत नाही. म्हणून इथल्या हौशी मासेमाराला सराव मैदानावर आणि प्रत्यक्ष मासेमारी हिमाचलातील तीर्थन नदीवर, परवाना काढून, असा बेत आखावा लागतो.

ड्राय फ्लाय ही गळाला बांधलेली, पाण्यावर तरंगणारी कृत्रिम माशी. मासा वर येऊन ती टिपताना डोळ्यांना दिसतो, आणि त्या क्षणाचा आनंद मला अतुलनीय वाटतो. परंतु प्रवाहाने दोरी ओढली की माशी मागे बारीक रेघ सोडत सरकू लागते आणि सावध ट्राउट तिच्याकडे फिरकत नाही. यासाठी फेक होताच रॉडच्या टोकाने दोरीचा मधला भाग अलगद उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूस टाकावा. फेकीचा सराव मात्र पुण्यातही उत्तम होतो: गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधावा आणि मागे गेलेली दोरी पूर्ण उलगडेपर्यंत थांबावे. बहुतेकांची फेक या घाईतच बिघडते.

निम्फ ही पाण्याखालच्या अळीची नक्कल. ट्राउट बहुतांश खाद्य पाण्याखालीच खातो, त्यामुळे मासे हिनेच अधिक मिळतात. मात्र मासा लागल्याचे कळावे म्हणून दोरीवर बांधलेला तरंगता दर्शक क्षणभर अडखळला, तरी लगेच रॉड उचलावा लागतो.

नवख्याने निम्फपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. संध्याकाळी पाण्यावर वलये उठू लागली, की मात्र ड्राय फ्लायच बांधावी.