'फ्लेश टिंट' नको, तीन काळे घ्या: सावळ्या चेहऱ्यासाठी तेलरंग

व्यक्तिचित्रासाठी तेलरंग घ्यायला मुंबईतल्या कुठल्याही रंगसाहित्याच्या दुकानात गेलात, तर 'फ्लेश टिंट'ची, म्हणजे तयार कातडीच्या रंगाची, ट्यूब हमखास पुढे केली जाते. ती घेऊ नका. तिच्यात पांढरा आधीच भरपूर असतो. सावळ्या मिश्रणात ती पडली, की गालावर राख फासल्यासारखं दिसतं आणि वरून कितीही तपकिरी सिएना घातली तरी ती राख जात नाही. त्या पैशांत काळ्याच्या ट्यूब घ्या.

काळा हा एक रंग नव्हे, हे सर्वांत ठामपणे दाखवलं ते अमेरिकन चित्रकार केरी जेम्स मार्शल यांनी. १९८० च्या एग टेम्पेरातल्या (अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगातल्या) त्यांच्या आत्मचित्रात काळ्यावर काळा आहे. डोळे, दात आणि सदऱ्याचा पांढरा तुकडा तेवढे उजळून दिसतात. पुढे आयव्हरी, कार्बन आणि मार्स असे तीन काळे घेऊन, त्यांत कोबाल्ट निळा, क्रोम ऑक्साइड हिरवा, डायॉक्साझिन जांभळा मिसळून त्यांनी पूर्ण काळ्या कातडीत उब आणि थंडावा आणला. माणूस काळाच राहतो, पण सपाट होत नाही.

ट्यूबवरचं नाव सोडा, मागचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचा. काळ्यांचे क्रमांक 'पीबीके'नं (PBk) सुरू होतात. पीबीके ९ म्हणजे आयव्हरी, हाडांचा कोळसा. तो बराचसा पारदर्शक असतो, सावल्यांत सुंदर उतरतो, पण तेल खूप घेतो आणि सावकाश वाळतो. मुंबईच्या पावसाळ्यात तर आठवडा उलटला तरी बोटाला लागतो. खालच्या थरात तो जाड लावून वर लवकर वाळणारा रंग चढवला, तर पुढे तडे जाण्याची भीती असते. पीबीके ११, म्हणजे मार्स, लोहाचा ऑक्साइड: अपारदर्शक, तपकिरी झाकेचा, तुलनेनं लवकर वाळणारा. पहिला थर याचाच द्या. कार्बन, म्हणजे पीबीके ६ किंवा ७, थोडा निळसर आणि फार जोरकस; सुरीच्या टोकावर मावेल तेवढाच घ्या.

सुरुवातीचं मिश्रण: बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) २ भाग, अल्ट्रामरीन (गडद निळा) १, मार्स अर्धा. उजेडाकडे जाताना पांढऱ्याऐवजी यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि थोडा कॅडमियम नारिंगी. पांढरा राखून ठेवायचा तो चमकेसाठी. गडद कातडीतून परतणारा उजेड कमी असतो, म्हणून पृष्ठभागावरची चमक जास्त उठून दिसते. खिडकीतून आभाळाचा उजेड येत असेल, तर कपाळावरचा चमकेचा ठिपका निळसर असतो. तिथे पिवळसर पांढरा लावला, की चेहरा तेलकट दिसतो.

नेपल्स यलोची (फिकट पिवळ्याची) ट्यूब मात्र जरूर घ्या. अमेरिकन चित्रकार एमी शेराल्ड काळ्यात नेपल्स यलो मिसळून कातडी करड्या छटांत रंगवतात. २०१८ चं मिशेल ओबामांचं चित्र तसंच आहे. कातडीचा रंग बाजूला झाला, की बघणाऱ्याला वंशाच्या आधी नजर दिसते, हनुवटीखाली टेकलेला हात दिसतो. घानाचे चित्रकार अमोआको बोआफो याच्या उलट करतात: चेहरा बोटांनी रंगवतात, तपकिरी, निळे, पिवळे फटकारे न घोटता ठेवतात, आणि त्या उघड्या कातडीत माणूस हळवा होऊन समोर येतो. असं काम करायचं असेल तर नायट्राइलचे हातमोजे घाला, विशेषतः कॅडमियम वापरताना.

एक दोष यातल्या कुठल्याच ट्यूबनं टळत नाही. अंबर (गडद तपकिरी मातीरंग) आणि काळे वाळल्यावर ठिकठिकाणी मंद पडतात, कारण वरचं तेल खालचा थर ओढून घेतो. तिथे रीटच वार्निशचा (काम चालू असताना लावायच्या पातळ वार्निशचा) हलका हात द्या, पण थर कोरडा झाल्यावरच. प्रदर्शनात मात्र गडद चित्रावर दिव्याची झळाळी पडते आणि चेहराच दिसेनासा होतो. चित्राचा वरचा काठ थोडा पुढे झुकवा किंवा दिव्याचा कोन बदलून घ्या.

मोबाइलच्या फोटोवरून काम करणाऱ्यांनी एक्सपोजर लॉक करून थोडं खाली आणावं. नाहीतर कॅमेरा सावळा चेहरा स्वतःहून उजळवतो. "जरा उजळ काढा हं" असं सांगणारे घरचे आपल्याकडे आधीच खूप आहेत. मिश्रणाचा एक पट्टा कॅनव्हासच्या काठावर ओढा आणि दिवसाच्या उजेडात त्या माणसाच्या मनगटाशेजारी धरून बघा.