वेबसाइट 5,999 रुपयांची, नाव मात्र त्याच्या खात्यावर

लातूरच्या एमआयडीसीत आमची छोटी डाळमिल आहे. मोठ्या मिलांचा माल ट्रकनं जातो, आमचा पाच-दहा किलोच्या पिशव्यांतून. पुण्या-मुंबईला स्थायिक झालेले आपल्या भागातले लोक उन्हाळ्यात वर्षाची तूरडाळ भरतात आणि त्यांना बिनपॉलिशची डाळ हवी असते. त्यांच्यासाठी वेबसाइट करायची ठरली. व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात फिरत होती: 5,999 रुपयांत वेबसाइट, डोमेन म्हणजे साइटचं नाव, होस्टिंग म्हणजे साइट ठेवायची जागा, ईमेल, सगळं आलं. साइट बनवणारा पोरगा आमच्याच जिल्ह्यातला, पुण्यात राहणारा, बोलायला गोड. त्याचं नाव इथं देत नाही. असे बरेच आहेत, आणि प्रत्येकाची पद्धत साधारण हीच असते.

पहिली खटकलेली गोष्ट फोटोंची. आम्ही मिलमधले फोटो पाठवले होते. त्यानं ते बाजूला ठेवून कुठून तरी उचललेली चकचकीत फटका, म्हणजे पॉलिश केलेली डाळ लावली. बिनपॉलिशची डाळ दिसायला मंद असते, कुठंकुठं साल चिकटलेलं असतं. फोटो बघून मागवणाऱ्यानं पिशवी उघडली की फोन यायचा, "दाखवली एक आन् पाठवली एक." शिवाय दुसऱ्याचा फोटो परवानगीशिवाय वापरणं हा कॉपीराइटचा भंग आहे, आणि त्याची नोटीस साइट ज्या मिलच्या नावानं चालते तिच्याच पत्त्यावर येणार. फोटो बदलून घेता घेता निम्मा हंगाम गेला.

मग पैशांचं. "काका, तुमच्या नावानं पेमेंट गेटवेची केवायसी व्हायला टाइम लागतो. तोवर माझ्या खात्यात घेऊ, मी रोज ट्रान्सफर मारतो." आमच्या सीएनं हे ऐकल्याबरोबर नाही म्हणून सांगितलं. माल आमचा, बिल आमचं आणि पैसे भलत्याच्या खात्यात, याचा हिशेब कोणाला काय देणार? तेवढं एक वाचलं.

खरा खेळ दुसऱ्या वर्षी सुरू झाला. नूतनीकरणाचे म्हणून त्यानं 18,000 मागितले. "सर्व्हर महाग झालेत, काका." आमच्यासारख्या, डॉट इननं संपणाऱ्या नावाचं वर्षाचं नूतनीकरण हजाराच्या आसपास होतं, आणि आमच्यासारख्या साइटला लागणारं साधं होस्टिंग काही हजारांत मिळतं. बाकीचे कशाचे, ते लिहून द्या म्हटलं. जीएसटीचं बिल नव्हतं, पण त्यावरून कोणाला चोर ठरवू नये. सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागतच नाही. पण साध्या कागदावर डोमेन किती, होस्टिंग किती, माझी मजुरी किती, एवढं लिहायला कोणाची ना असते? हिशेब मागितला आणि फोन उचलणं बंद झालं.

तेव्हा दुसऱ्या एका जाणकारानं डॉट इनच्या रजिस्ट्रीवर, म्हणजे नावांच्या नोंदवहीत, आमच्या साइटचं नाव शोधून दाखवलं. याला हूइज म्हणतात, फुकट आहे, कोणीही करू शकतो. नोंदणी कोणत्या कंपनीकडं आहे, मुदत कधी संपते आणि नोंदणीदार संस्था कोणती, हे तिथं दिसतं. मिलच्या नावाच्या जागी त्या पोराच्या एजन्सीचं नाव होतं. जमिनीचे पैसे आपण भरावेत आणि सातबारा दुसऱ्याच्या नावानं निघावा, तसला हा प्रकार. नोंदणी कंपनी फक्त खातेदाराचं ऐकते. नाव दुसरीकडं हलवायला जो कोड लागतो, तोही खातेदारालाच मिळतो. डॉट इन नावांच्या भांडणासाठी, ती नावं सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेची लवाद पद्धत आहे, पण तिथं आपला ट्रेडमार्क किंवा त्या नावावरचा हक्क आणि समोरच्याची बदनियत, दोन्ही दाखवावं लागतं, आणि फी आमच्या वेबसाइटच्या किमतीहून कितीतरी जास्त.

हे चालू असतानाच पुण्याच्या एका ग्राहकानं सांगितलं की तुमची साइट उघडली की सट्ट्याचं पान येतं. आम्ही मिलच्या कॉम्प्युटरवर पत्ता टाकून बघितला तर सगळं ठीक. त्याच्या मोबाइलवर मात्र गुगलमधून आलं की तेच पान. नंतर कळलं की साइट बनवायच्या वर्डप्रेस सॉफ्टवेअरसाठी विकत मिळणाऱ्या थीमची, म्हणजे तयार साच्याची, चोरून फोडलेली प्रत त्यानं वापरली होती. अशा प्रतींत पुष्कळदा चोरकोड दडवलेला असतो, आणि तो मुद्दाम शोधातून, मोबाइलवरून येणाऱ्यालाच वळवतो, म्हणजे मालकाच्या लवकर लक्षात येत नाही. पुढं गुगलनं लाल धोक्याचं पान लावलं. ते काढायचं तर आधी साइट साफ करून मग सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गुगलच्या खात्यातून फेरतपासणी मागावी लागते. ते खातंही त्याच्याच जीमेलवर.

सगळ्यात महाग पडल्या पिशव्या. छपाईचे सिलिंडर बनवून घ्यावे लागतात आणि छापणारा कमी नग घेत नाही, म्हणून आम्ही मोठा लॉट छापून घेतला होता. त्यावर साइटचा पत्ता आणि त्याच नावावरचा ईमेल. पॅकबंद मालाच्या 2011 च्या वजनमाप नियमांनुसार तक्रारीसाठी फोन आणि ईमेल छापावाच लागतो. तो ईमेल बंद पडला. म्हणजे आमच्या पिशवीवरची तक्रारीची जागा मेलेली, आणि वरचा पत्ता गिऱ्हाइकाला सट्ट्यावर नेणारा. मिलमधल्या बाया डाळ निवडायची सोडून स्टिकर चिकटवत बसल्या.

वकिलांना भेटलो. करारच नाही, व्हॉट्सॲपच्या चॅटवर दिवाणी दावा लावता येईल, पण वर्षं जातील, असं ते म्हणाले. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये व्यापारासाठी घेतलेली सेवा बसत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला सूट आहे, म्हणून एकट्यानं दुकान चालवणाऱ्याला तो दरवाजा उघडा असू शकतो. मजूर लावून चालणाऱ्या मिलला अवघड. 1930 हा सायबर क्रमांक खात्यातून पैसे गेल्यावर ताबडतोब लावायचा, नाव अडकलं त्याला नाही.

नवं नाव घेतलं. या वेळी काम करणाऱ्या बाईंनीच आधी आमच्या कार्डावरून, आमच्या जीमेलवरून डोमेन विकत घ्यायला लावलं आणि मगच कामाला हात घातला. होस्टिंगही आमच्याच खात्यावर, त्यांना फक्त वेगळं लॉगिन. फोटो, मजकूर, डिझाइन यांचे हक्क मिलकडं राहतील असा कागद केला, कारण बाहेरच्या माणसानं केलेल्या मजकूर-डिझाइनसारख्या कामाचा कॉपीराइट लेखी सोडून दिल्याशिवाय साधारणपणे त्याच्याचकडं राहतो. जुन्या साइटवरचा मजकूर वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या साइटवर बराचसा सापडला, तो उतरवून घेतला. महिन्याला एक बॅकअप आमच्या हार्ड डिस्कवर येतो. पैसे पहिल्यापेक्षा बरेच जास्त गेले, पण प्रत्येक रुपया कशाचा हे कागदावर आहे.

ज्यांची साइट आज चालू आहे त्यांनीही हूइज आत्ताच बघून घ्यावं. संबंध बरे असताना नाव आपल्या खात्यावर मागितलं तर बहुतेक पोरं देतात. नूतनीकरणाचं भांडण लागल्यावर कोणी देत नाही. आमचं जुनं नाव त्यानं परवाच आणखी वर्षभरासाठी वाढवून घेतलंय आणि मध्यस्थामार्फत किंमत कळवलीय. आम्ही देणार नाही. पिशव्यांचा नवा लॉट छापायला गेला आहे.