कार स्टिरिओची जोडणी: कपलर, सोल्डर की क्रिंप?

तुमच्या गाडीच्या मॉडेलसाठी तयार कपलर (गाडीच्या मूळ प्लगमध्ये नवा स्टिरिओ थेट जोडणारा जोड) मिळत असेल तर आधी तोच घ्या. कंपनीची एकही वायर कापावी लागत नाही आणि गाडी विकताना मूळ स्टिरिओ परत बसवता येतो. फक्त मल्टिमीटर लावून बघा: पिवळी वायर बॅटरीची, कायम चालू, लाल वायर किल्लीवरची. या दोन उलट लागल्या की गाडी बंद केल्यावर दरवेळी घड्याळ आणि स्टेशनं पुसली जातात.

कपलर नसेल, किंवा ॲम्प्लिफायर बसवायचा असेल, तर सोल्डर (वितळलेल्या धातूने वायरी जोडणं) की क्रिंप (धातूची नळी, म्हणजे स्लीव्ह, वायरींवर चेपून जोडणं) हे ठरवावं लागतं.

नीट केलेल्या सोल्डरच्या सांध्यातून करंट उत्तम जातो. अडचण हादऱ्यांची आहे. वितळलेलं सोल्डर वायरच्या बारीक तारांमध्ये आत शिरतं आणि तेवढा भाग ताठ होतो. हा ताठपणा जिथे संपतो तिथेच वायर खड्ड्याखड्ड्यांत वाकत राहते आणि शेवटी तुटते. म्हणून सोल्डर करायचंच तर गाडीबाहेर, टेबलावर करा, वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवा आणि दोन्ही बाजूंनी वायर बांधून टाका. डॅशबोर्डखाली उताणं पडून सोल्डर मारायच्या मी पूर्ण विरोधात आहे. तिथे सांधा धड तापत नाही आणि गरम थेंब तोंडावर पडतो.

गाडीत माझा कौल क्रिंपला. मात्र चेपायची स्लीव्ह वायरच्या मापाचीच हवी: लाल ०.५ ते १.५ चौरस मिमी, निळी १.५ ते २.५, पिवळी ४ ते ६. साध्या पकडीने चेपू नका. रॅचेटचं क्रिंपिंग टूल पूर्ण दाब बसल्याशिवाय सुटत नाही, त्यासाठीच ते घ्यायचं. मग प्रत्येक सांधा हाताने ओढून बघा.

टी-टॅप (वायर न कापता तिच्यावर दाबून बसवायची क्लिप) झटपट लागतो, पण त्याचं पातं आतल्या तारा कापू शकतं. पिळून टेप मारणं तर नकोच. उन्हात टेपचा गोंद सुटतो.

ॲम्प्लिफायरला जाड, अस्सल तांब्याची वायर आणि क्रिंप केलेलं थिंबलच (वायरच्या टोकाला लावायचं, बोल्टात बसणारं कडं) लावा. २० अँपिअरला सांध्यात ०.१ ओहम रोध राहिला तरी २ व्होल्ट तिथेच जातात आणि ४० वॅट उष्णता तयार होते, प्लास्टिक वितळायला पुरेशी. अर्थसाठी रंग खरवडून गाडीच्या उघड्या पत्र्यावर बोल्ट घट्ट आवळा, आणि बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत फ्यूज बसवा.